माल: निरंक

मिक्सर दुरुस्तीला टाकायचा होता, इतकंच.
रविवार कारंजावरचं दुकान बंद.
वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता घराकडे वळू नका."

मग दिंडोरी रोड.
आजवर आम्ही दोघी एकत्र गेलो
त्या दवाखान्यात, नाहीतर कुणाच्या तेराव्याला.
आश्विनाचं ऊन काचेला चिकटलेलं.
मिक्सर मागच्या सीटवर, पट्टा लावून.

छाटलेल्या द्राक्षबागा.
काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणाऱ्या बायकांनी
ओळख असल्यासारखा हात केला.

वणीच्या अलीकडे वजनकाटा.
टोमॅटोच्या पिकअपमागे वन्संनी
आमचीही गाडी लावली नंबरात.
खिडकीतून पोऱ्या: "माल काय?"
"मिक्सर."
त्यानं न हसता लिहिलं, निरंक.
नऊशे ऐंशी किलो.

पुढे पाटी: येथे कुकर व हार्मोनियम दुरुस्त होतील.
म्हाताऱ्यानं मिक्सर कानाशी धरून हलवला.
"कार्बन गेलाय. तो नाही माझ्याकडे. पेटी ऐकता?"
वन्संनीच भाता ओढला.
त्यांना पेटी येते
हे मला सव्वीस वर्षांनी कळलं.

सुरगाण्याकडे उतारभर खुरासणी पिवळी.
घरून फोन, साखरेचा डबा कुठाय?
सांगणार तेवढ्यात रेंज गेली.
आम्ही नाही घालवली.

रविवारी परत त्याच काट्यावर.
नऊशे ऐंशीच.
"एवढं खाऊनसुद्धा!" वन्सं पोऱ्याशी भांडल्या.

पावती फ्रीजवर लावलीय.
मिक्सर अजून गाडीतच,
चटणी पाट्यावर वाटते.
नेऊ दुरुस्तीला कधीतरी,
दुकान बंद असेल त्या दिवशी.