चार बोटांची फट

पयासच्या रोलिंग मिलमध्ये
भट्टीचं दार कधीच नीट बसलं नाही.
चार बोटांची फट. मी हिशोबाला लागले तेव्हाही होती,
आता चष्मा लागला, तरी आहे.

त्या फटीपाशी नेवझातची चहाची किटली,
वाळत घातलेले हातमोजे, तारेवर लाल मिरच्या
आणि एक कानतुटकं मांजर,
ज्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मग अँटवर्पहून कागद आला.
इतकी वर्षं ते सळईचं वजन विचारायचे,
आता विचारतात, सळईमागे धूर किती?
टनाला किती, कशाचा, पुरावा काय?
मी लोखंड मोजणारी बाई.
धूर मोजायचा म्हणजे आधी
तो आपला आहे, हे कबूल करावं लागतं.

तुंजाय बे म्हणाले, झाकली मूठ बरी, शुक्रान.
माल मिसराताला पाठवू, तिथे कोणी काही विचारत नाही.
भावही कोणी देत नाही, मी म्हटलं.
ते खिडकीतून धक्क्याकडे बघत राहिले.
एक जहाज अर्धं भरून उभं होतं,
कुठे जायचं ते ठरायचं होतं.

त्या रात्री मी फट मोजली,
बोटांनी नाही, गॅसच्या बिलांनी.
महिन्याला दोन पगार
तिथून उडून जात होते,
एक नेवझातचा, एक माझा,
आणि मागचा डोंगर तरीही गारच.

बँकेनं कर्ज दिलं, अटीवर:
गॅस उतरला, तर व्याज उतरेल.
चौदा महिन्यांत दार आपली किंमत फेडेल.
तीनदा बेरीज केली. तीनदा तीच आली.

नवं दार पांढरं, हलकं,
डबीला झाकण बसावं तसं बसलं.

पहिल्या थंडीत नेवझात किटली घेऊन
त्या बंद कडेशी उभा राहिला,
घर बदलून गेलेल्या माणसाच्या दाराशी
उभं राहावं तसा.
"इथं माझं काहीतरी फुकट होतं," म्हणाला.

फुकट नव्हतं,
मी सांगणार होते. कागद हातातच होता.

विजेची एक शेगडी मागवली,
किरकोळ खर्चात टाकली.
मांजर दोन दिवस दाराशी बसलं,
मग ट्रान्सफॉर्मरच्या खोलीमागे राहायला गेलं.
म्हणजे तिथेही काहीतरी गळतंय.
उद्या बघायला हवं.

उद्या नको.
थंडी सरू दे.