बोटभर फट

दार असलेली कोठी घेऊ नकोस.
तार्तूची माणसं येतात ती आधी दारच विचारतात.
अरे, लाकडं काय पळून जाणार आहेत?
दार लावलं की ओल आतच बसते रुसून,
मग जानेवारीत चुलीत नुसता धूर
आणि पाहुणे समजतात, तू रडतोयस.

ही बघ. लार्चची. दाब अंगठा. नख रुततंय?
आता ती पलीकडची दाब, स्वस्तातली, हिरवी.
रुतलं ना?
रंगाखाली सगळेच तरुण दिसतात.

फळ्यांमधे फट हवी बोटभर;
माझ्या बोटाएवढी, तुझ्या नव्हे.
तळ जमिनीपासून वीतभर वर,
चार पायांखाली चार सपाट दगड.
छपराचा उतार मागे, म्हणजे पागोळ्या
तुझ्या मानेवर पडायच्या नाहीत.
आणि घराच्या भिंतीला चिकटवू नकोस,
दोघांच्या पाठीमधून मांजर गेलं पाहिजे.

देखभाल म्हणशील, तर मे महिन्यात.
बर्चला पानं फुटली की उरलीसुरली लाकडं बाहेर,
साल, ढलप्या, कोळ्यांची जाळी, सगळं झाडून घे.
जवसाचं तेल कोमट कर, त्यात थोडं पाइनचं डांबर.
फळ्यांच्या टोकांना दोनदा लाव,
लाकूड पाणी पितं ते टोकानंच.
तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस,
आपसूक पेटतात.
आमच्या एन्डेलचा सौना असाच गेला,
आणि तो अजून शेजाऱ्यावर संशय घेतो.

कोपऱ्यात धोब्यानं घरटं केलं असेल तर
तेवढा कोपरा त्या वर्षी राहू दे.
थंडीत तो दक्षिणेला कुठे जातो, काय खातो, कोण जाणे,
पण परत येतो तो नेमका त्याच फळीवर.

माझ्या हातची सगळ्यात जुनी कोठी?
ती तळ्यापलीकडे. लैदा आणि हिल्या,
सख्ख्या बहिणी, एका अंगणाच्या दोन टोकांना.
अकरा वर्षं बोलत नव्हत्या. कारण, शिलाई मशीन.
मशीन तेव्हाही चालत नव्हतं.
बापानं जाताना पैसे ठेवले एकाच कोठीचे,
म्हणून एक छप्पर, दोन खण, मधे भिंत.
"मधे फट नको," लैदा म्हणाली मंगळवारी.
"मधे फट नको," हिल्या म्हणाली शुक्रवारी.
मी म्हटलं, वारा नाही मिळाला तर कुसेल.
कुसू दे, म्हणाल्या,
वेगवेगळ्या दिवशी, एकाच आवाजात.

कुसली. नवव्या वर्षी.
पुन्हा मंगळवार, पुन्हा शुक्रवार:
"तिच्या बाजूनं कुसलीय."
मी जाऊन पाहिलं. फळी कुसते तेव्हा
तिला बाजू नसते, पावासारखी चुरते हातात.
मधल्या तीन फळ्या काढल्या आणि म्हटलं,
नवं लाकूड ओलं आहे, वाळलं की बसवतो.
लार्च माझ्याकडे सहा वर्षं वाळून पडलं होतं.

नाही, बोलायला वगैरे नाही लागल्या.
हिल्या माझ्याशीसुद्धा धड बोलत नाही, बिल दिल्यापासून.
पण ऑक्टोबरात मोळे मारायला गेलो होतो छपरावर,
उतरताना आत डोकावलो.
लैदा साल वर करून रचते,
हिल्या साल खाली. बापाशीही वाद घालायची त्यावरून.
आणि त्या भगदाडापाशी, दोन-तीन ओळींत,
काही सालं वर होती, काही खाली,
एकाच राशीत.
कोणी दिली, कोणी उचलली, की नुसतीच घसरली,
मी विचारलं नाही. शिडी घेतली, आलो.
त्या तीन फळ्या अजून इथेच आहेत,
तू बसलायस ना, त्याच.

तर मग, दार नको?
अर्धे पैसे आत्ता दे.
दगड मात्र तुझे तू शोधायचे.