रिकामा रकाना

कुताइसीत सार्वजनिक इमारती अकराशे बारा,
तपासनीस तीन.
त्यातल्या उशांगीचा गुडघा धरलेला,
म्हणजे जिने चढणारे दोनच.

म्हणून नेस्तानने यादी केली.
रात्री माणसं झोपत असतील तर नऊ गुण,
त्यांना चालता येत नसेल तर वर सात,
लाकडी जिना पाच, तळघरातली गॅसची टाकी सहा,
मागच्या तपासणीत सापडलेल्या
प्रत्येक दोषाला एक.
ज्याची बेरीज मोठी, त्याच्याकडे आधी.
आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी होऊ नये,
एवढ्यापुरता हिशोब.
(तिच्या भाषेत या म्हणीची गावं वेगळी असतील.)

प्रसूतिगृह वर आलं.
बाजारामागचं वसतिगृह वर आलं.
हॉटेलं आली; त्यांचे मालक फोन करून
आपला क्रमांक विचारत होते,
पोराचा निकाल विचारावा तसा, दबक्या आवाजात.

तळाशी, अकराशे नववं,
बाहुल्यांचं नाट्यगृह.
दोष शून्य.

तिने फाइल मागवली.
फाइल नव्हती.
तिथे कधी कुणी गेलंच नव्हतं,
आणि न गेल्याची ती कोरी जागा
यंत्राने निर्दोष म्हणून वाचली होती.

रिओनीच्या पुलावरून ती चालत गेली.
तिकिटं फाडणाऱ्या त्सिऊरीबाईंनी अक्रोड पुढे केले.
"एकेचाळीस वर्षं झाली, इथे काडीसुद्धा पेटलेली नाही."
पॅसेजमध्ये खुंट्यांवर पोरांचे कोट,
एकावर एक, भिंत पुढे सरकल्यासारखे.
पडद्याखाली लालबुंद हीटर.
तागाच्या केसांचा राजा, भुशाने भरलेलं अस्वल,
कोरडे, वजनाला हलके.
मागच्या दाराच्या कडीला चामड्याचा पट्टा,
सात गाठी मारलेला.
"कार्टी फुकट शिरतात हो."

नेस्तानने घड्याळ लावलं
आणि गाठी सोडवायला बसली.
एक नख तुटलं.
चार मिनिटं दहा सेकंद झाली तेव्हा
चौथी गाठ सुटत होती.
त्सिऊरीबाई गप्प झाल्या.
मग आतून बाहुल्यांचे कपडे बेतायची कात्री आणली
आणि स्वतःच पट्टा कापला.
दाराबाहेर अंजिराचं झाड होतं.
त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या,
पाहुणा ओळखू येईना तशा.

संध्याकाळी नेस्तानने नाट्यगृहाचे गुण भरले.
मग बराच वेळ काहीच केलं नाही.
मग एकच नियम बदलला:
रिकाम्या रकान्याला यापुढे शून्य नाही, बारा.
माहीत नाही, याचंही वजन असतं.

यादी खालून ढवळून निघाली.
दोनशे सहा इमारती
कुणी हाक मारल्यासारख्या वर चढल्या:
एक विवाह कार्यालय, एक बुद्धिबळाचा क्लब,
कुणाला आठवतही नव्हतं असं एक वाचनालय.

उशांगीने कागद डोळ्यांजवळ धरला.
"आता हॉटेलवाल्यांना काय सांगू?"
बोट खाली सरकलं, सत्ताविसाव्यावर अडलं.
अग्निसुरक्षा तपासणी कार्यालय,
दुसरा मजला.

गुडघा चोळत त्याने जिन्याकडे पाहिलं,
जो तो रोज शिव्या देत चढत आला होता.
"लाकडी आहे गं," तो म्हणाला.
"पाच लिही."