शिल्लक

ट्रॉम्सोत डिसेंबरात सूर्य उगवतच नाही.
सुन्निवा दिव्याखाली मैल मोजते.
एइविंदच्या खात्यात एक लाख चाळीस हजार.

तो म्हणायचा, पॉइंट टोस्टरवर उधळू नयेत,
रात्रीच्या लांब विमानात, पाय पसरायच्या सीटवर
त्यांचं सोनं होतं.
बर्गनला थेट न जाता ओस्लोवरून जायचा,
एक टप्पा वाढतो म्हणून.
सँडविच कोरडं, हिशेब चोख.

मेलेल्याचे मैल वारसाला मिळत नाहीत.
तिनं कळवलेलंच नाही.
दर दीड वर्षानं त्याच्या नंबरावर
कॉफीचं एक पाकीट घेते,
खातं जागं राहतं.

काल पत्र आलं:
प्रिय एइविंद,
गोल्ड कार्ड आता फक्त तीन उड्डाणं दूर.

तिनं पाणी उकळायला ठेवलं.
टोस्टर जुनाच आहे,
एक बाजू करपवतो.