शून्य पूर्णांक सात

लेउवार्डनच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
ड्यूटीचा तक्ता मी लावते.
संगणकात जाण्याआधी कागदावर, पट्टी धरून.
डॉक्टर सिट्स्के हूकेमा, फुप्फुसांच्या तज्ज्ञ,
नावापुढे आकडा: शून्य पूर्णांक सात.
बुधवारचा चौकोन कोरा, शुक्रवारचा दुपारनंतर.

कोऱ्या चौकोनात लोक काय काय लिहितात
पेन न उचलता.

"आज बाईंचा बुधवार!" कॉफीच्या मशीनपाशी कुणी म्हणतं,
आणि साखरेच्या पुडीसारखं हसू फाटतं.
हसणाऱ्यांत नर्स हिल्ट्ये, आठवड्याला चोवीस तास;
योके, फक्त मंगळ-गुरू-शनी;
आणि मी, रोज अडीचला सायकलचं कुलूप काढणारी.
आमच्या अर्ध्याला कुणी अर्धं म्हणत नाही.
डॉक्टरनं मात्र अख्खं असावं,
बेटावरच्या दीपस्तंभासारखं, कुणी बघो न बघो.

डॉक्टर राइंडर टर्प्स्ट्रा हसत नाहीत.
ते एवढंच विचारतात,
"मग बुधवारी निरोप कुणाला द्यायचा?"
आणि कुठेतरी दार लागल्यासारखं वाटतं.

बारा नंबरचे म्हातारे येले, नाकातली नळी सावरत:
"बुधवारी माझी फुप्फुसं कुणाच्या ताब्यात?"
हा प्रश्न खरा होता.
तक्त्यात उत्तर होतं, तीन नावांत वाटलेलं.
येलेंना तीन नावं लक्षात राहत नाहीत.

एका बुधवारी रजा काढून मी दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते.
कालव्याच्या कडेला बाई दिसल्या,
उलट्या घातलेल्या होडीचा तळ खरवडताना.
कडेवर मूल नाही, घरी आजारी आई नाही,
दाखवण्याजोगं कारणच नाही.
मला राग आला.
कशाचा, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या येलेंच्या उशाशी खुर्ची ओढून बसल्या,
घड्याळाकडे पाठ करून.
कोपराजवळ हिरव्या रंगाचा ठिपका.
येले होडीबद्दलच बोलत राहिले, मध्ये मध्ये खोकत.

नोव्हेंबरात, अडीचला पाच मिनिटं असताना,
टर्प्स्ट्रा माझ्या टेबलापाशी आले.
आवाज इतका खाली, जणू उसने पैसे मागताहेत:
"शून्य पूर्णांक आठ... ते तक्त्यात कसं लिहितात?"
का, ते मी विचारलं नाही.
पेन उचललं.
"पेन्सिलीनंच लिहा," ते म्हणाले, "सध्या."

मी चढवलेला कोट काढला
आणि पट्टी शोधू लागले.