गुण्याबाहेर

सार गावाच्या कडेला, हायवेच्या अलीकडे,
साडेपाचला तिपाई रोवतो.
रेती नाही ही, चुनखडीचा भुरा;
टाचेनं दाबला तरी पाय हळूच सरकतो.
महदी म्हणतो, "मास्टर, आज वारा आहे."
म्हटलं, ओळंब्याला विचारू.

पितळी ओळंबा कुडाळच्या बाजारातला.
मनामातल्या एकोणीस टॉवरांच्या लिफ्टच्या विहिरींत
हाच सोडलाय मी, वाकून, श्वास धरून.
आता कंपनीनं मला एका हंगामापुरतं
उसनं दिलंय उत्खननवाल्यांना,
शेजारी साखर देतात तसं.

डॉक्टर नवालच्या सहा पोरी, वह्या घेऊन.
शिकवतो: टेप ओढा, पण ताणू नका.
झोळ पडला की जमीन खोटं बोलते.
उतारावर टेप झोपवायचा नाही, आडवा धरायचा,
टोकाला ओळंबा, आणि बोलायचं नाही.
आधी मागचं वाचन, मग पुढचं.
उंची मोजायची ती समुद्रापासून;
शैखा हसते: "माझा पणजोबा त्याच समुद्रात
खाली खाली मोजत जायचा, मोत्यांसाठी."
वहीत तिनं शून्याच्या जागी
छोटी लाट काढलेली.

दहानंतर हवा उकळते.
पट्टीवरचे आकडे पोहायला लागतात.
तेव्हा दुर्बीण झाकायची, कलिंगड कापायचं.

मग ती भिंत.
चार हजार वर्षांची, गुडघ्याएवढी उरलेली.
कोपऱ्यापासून इकडे तीन मीटर, तिकडे चार,
तिरकस पाच यायला हवेत.
आले चार सत्त्याऐंशी.
खिळा हलवला. टेप बदलला. महदीवर खेकसलो.
चार सत्त्याऐंशी.

एकोणीस टॉवरांची सवय हाताला.
दोन सुतांसाठी मी बांधकाम पाडायला लावलंय,
रामसजीवन मिस्त्री तेव्हा काही बोलला नाही,
फक्त थापी धुतली, बराच वेळ.
तोच हात रात्री वहीवर आला
आणि लिहून गेला: पाच.

नवालनं सकाळी वही चाळली.
खोडरबर इथे चालत नाही,
चुकलेलं एका रेघेखाली दिसत राहायला हवं.
तिनं रेघ मारली. मग विचारलं,
आवाज न चढवता,
"भिंत सरळ कोणी केली?"

त्या दिवशी मी यंत्र लावलंच नाही.
ब्रश घेतला, पोरींच्या ओळीत उकिडवा बसलो,
कमरेनं दुपारपर्यंत शिव्या दिल्या.
कोपऱ्यापलीकडे एक उंबरठा निघाला,
मधोमध झिजून वाटीसारखा झालेला,
शेजारघराचा, भिंतीच्याही आधीचा.
भिंत नेमकी तिथेच आत वळली होती.
सरळ गेली असती तर
शेजाऱ्याला दारातून आडवं व्हावं लागलं असतं,
डोक्यावर घागर असली तर मुळीच जमलं नसतं.

गुण्यात नव्हती.
गुण्यागोविंदानं होती, एवढंच.
(की भांडणानंतर वळवली?
तेही असेल. टेपला ते कळत नाही.)

पुन्हा मोजलं. चार सत्त्याऐंशी.
रेघ मारलेल्या पाचाच्या वर लिहिलं,
पुढे सही, तारीख, वेळ, हवा: मंद वारा.

संध्याकाळी सगळी वाचनं घेऊन परत
मशिदीच्या पायरीतल्या खिळ्यावर आलो,
जिथून सकाळी निघालो होतो.
चार मिलिमीटर जुळत नव्हते.
ते कुठे सांडले, शैखानं विचारलं.
थोडे थोडे सगळीकडे, म्हटलं,
थोडे थोडे सगळ्यांच्या वाट्याला लिहायचे.

महदी पट्टी खांद्यावर टाकून गावाकडे निघाला.
वळून ओरडला,
"मास्टर, आमच्या घरात एकही कोपरा सरळ नाही!
कपाट कुठेच बसत नाही!"
आणि हसत, जरा तिरकाच, चालत गेला.