निवट्या

कंपनीनं धाडलं म्हणून गेलो व्हिएतनामला,
का माऊच्या कोळंबी-गोदामात कॉम्प्रेसर बसवायला.
तिसऱ्या रात्री दुभाष्या म्हणाला, आमच्या खाडीतलं खाऊन बघा,
आणि मातीच्या मडक्यातून
डोक्यावर डोळे असलेल्या त्या
माझ्याकडे बघत आल्या.

निवट्या.
शब्द आधी तोंडात आला, घास नंतर.

चाळीस वर्षं घणसोलीत काढून
मी एकदाही खाल्ल्या नव्हत्या.
वर्गात पोरं चिखल्या म्हणायची,
मग मी डब्यात बटाट्याची भाजी मागितली.
आई काही बोलली नाही. द्यायला लागली.
तिच्या नखांतली खाडी मात्र
कुठल्याच साबणानं जात नसे.

कशा धरता, मी खुणेनं विचारलं.
हॉटेलवालीनं हात खांद्यापर्यंत हवेत खुपसला,
थांबली,
बोटं मिटली.
मी मडकं पुसून खाल्लं.

आई आता साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर
उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर.
तिला सगळं सांगितलं. विमान, देश, भाषा
यातलं तिनं काहीच विचारलं नाही.
“राखेन चोलली व्हती का?”
माहीत नाही म्हणालो.
“आपला मसाला नसंल. मग कसली चव.”

रविवारी तिला खाडीवर नेलं.
ओहोटी होती. कारखान्यांच्या नाल्याचा वास,
आणि तरी चिखलभर त्या उड्या मारत होत्या.
“बाला, ईकरची नको खाव आता,”
आई म्हणाली,
आणि बोलता बोलता
बांगड्या कोपराकडे सारल्या.